अंगण खरंच वाकडं होतं

मी बंदूक बोलतेय. हात वर करू नका, खाली घ्या. माझ्यातून गोळी सुटत नाही, छर्रा सुटत नाही, साधं पाणीसुद्धा उडत नाही. मी व्हिडिओ गेमची बंदूक. नारिंगी नळी, करडी मूठ आणि मागे शेपटीसारखी लांब वायर. शाळेतून आल्या आल्या दप्तर भिरकावून टीव्हीसमोर बैठक मारणारी जी पोरं होती, आणि आता ज्यांना चष्मे लागलेत, त्यांनी मला ओळखलं असेलच. बाकीच्यांना सांगते.

पहिला गैरसमज काढून टाका. लोकांना वाटतं, मी टीव्हीवर काहीतरी मारते. छे! मी बघते. नळीच्या तोंडाशी भिंग आहे आणि त्याच्या मागे मिरीच्या दाण्याएवढा डोळा. तुम्ही चाप ओढला की पडदा पापणी लवायच्या आत काळा होतो आणि जिथे खेळातली बाटली असेल नेमका तिथेच पांढरा चौकोन चमकून जातो. तो मला दिसला तर मी सांगते, लागली. नाही दिसला तर हुकली. थोडक्यात काय, मी साक्षीदार आहे. आणि अख्ख्या आयुष्यात मी खोटी साक्ष एकदाच दिली. तीही नकळत. पण ती ज्या बाईच्या विरुद्ध गेली, तिच्यापायी मला आज बोलावं लागतंय.

माझा जन्म कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एक बाई भिंग बसवायची, दुसरी स्क्रू पिळायची, आणि शेवटच्या बाईपुढे टीव्ही ठेवलेला. ती प्रत्येक बंदूक तीनदा झाडून बघायची. माझी पाळी आली तेव्हा ती शेजारणीला नणंदेच्या कागाळ्या सांगत होती. "मला म्हणते कशी, वहिनी, तुम्हाला काय कमी आहे!" ठो. "हिच्या घरी राबून बघ म्हणावं!" ठो, ठो. तिन्ही लागल्या. पडद्याकडे धड न बघता. माणसाचा हात बसला की असा बसतो, हे मी जन्मतःच पाहिलं.

तिथून मी खोक्यात बसून एका रफूवालीच्या घरी आले. घर पहिल्या मजल्यावर आणि तिचा रफूचा गाळा खाली, त्याच इमारतीच्या जिन्याखाली. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे तिच्यासमोर बोलताना जपून. कापडाच्याच दुमडलेल्या कडेतून धागे उपसायचे आणि त्याच विणीत भोक भरून काढायचं. "भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला शोधायला लावीन," असं ती म्हणायची, आणि लावायचीसुद्धा.

मला आणि गेमच्या डब्याला आणलं होतं तिच्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी. लेक बाकी खेळांत पटाईत, पण नेमाच्या नावाने शंख. मग तिने युक्ती काढली. थेट टीव्हीपाशी जायचं, माझी नळी काचेला टेकवायची आणि चाप ओढायचा. तशी आंधळ्यालाही बाटली लागेल.

"नेम धरतेस की टीव्हीचा मुका घेतेस?" रफूवाली दारातून ओरडली. "आण इकडे."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून तिने मला पहिल्यांदा उचललं. दहा बाटल्या, दहा नेम. नऊ लागल्या. लेकीचा जबडा खाली, आणि बाईसाहेब काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत सुईकडे.

त्या दिवसापासून तिने एक रीत लावून घेतली. सकाळी गाळा उघडण्याआधी दहा नेम. नऊ-दहा लागल्या तर त्या दिवशी बारीक काम: शाल, रेशीम, सुटाचं कापड. सात-आठ लागल्या तर जाड काम: ब्लँकेटं, स्वेटर, कोटाची कोपरं. त्याखाली घसरलं तर गाळा बंद. "डोळा ताळ्यावर नसेल तर दुसऱ्याच्या कापडाला हात लावू नये." एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, शाल कधी मिळेल? ही म्हणाली, "सकाळी बंदुकीला विचारून सांगते." तो दोन पावलं मागे सरकला.

पुढे लेक मोठी झाली, अडॅप्टर जळला, आणि सगळं बिऱ्हाड माळ्यावर गेलं. मी, गेमचा डबा, दोन रिमोट, खेळांच्या सात कॅसेटी. पंचवीस वर्षं. खाली टीव्ही बदलल्याचे आवाज यायचे. नवं आणलं की जुनं वर, हा माणसांचा कायदा. वर गेल्यावर तोंड मिटून पडायचं, हा आमचा.

आम्हाला खाली काढलं नातीने. लेकीची लेक, कॉलेजात जाते. आजकालच्या या पोरांना जुन्या गेमांचं वेडच लागलंय. आमच्या पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकवरून हात फिरवून म्हणतात, "काय भारी आहे!" अगं बाई, मग इतकी वर्षं कुठे होता? पण खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. तिने कापसाच्या बोळ्याने कॅसेटींचे दात पुसले, नवा अडॅप्टर शोधला, भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला जोडायला मध्ये एक डबी आणली, आणि रविवारी दुपारी पडदा उजळला. पंचेचाळीस वर्षांची लेक जीभ चावून, रिमोटसकट स्वतःही उड्या मारू लागली. हसून हसून नातीच्या पोटात दुखायला लागलं.

रफूवाली मात्र कोपऱ्यात बसून होती. सत्तरीला आलेली. हिवाळ्यात तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डॉक्टर म्हणाला, आता उत्तम दिसतंय. पण पुढच्याच महिन्यात तिने गडद निळ्या पँटला काळ्या धाग्याने रफू केलं. वकिलाची पँट. तो बिचारा हळूच म्हणाला, "काकू, हे काळं झालंय जरा." जन्मातली पहिली चूक. तेव्हापासून एका शिक्षिकेची शाल गाळ्यात तशीच घडी करून पडली होती, आणि हिची सुई डबीत. शेजारचा मोबाइल दुरुस्त करणारा कधीपासून तो गाळा मागत होता. त्याला तिने सांगून टाकलं होतं, सोमवारी किल्ली घेऊन जा.

"ती बंदूक दे बघू," ती म्हणाली.

मला हातात घेतलं तेव्हा तिचा अंगठा बरोबर जुन्या खाचेत बसला. मनगट दगडासारखं स्थिर. मी मनात म्हटलं, आता दाखवू यांना. पहिला चाप. मी बघितलं. काहीच नाही! दुसरा. काळोख. तिसरा, चौथा. मी डोळा फाडून बघत होते, पण पांढरा चौकोन म्हणून दिसेना. दहापैकी शून्य. गेमने वर रडकी पिपाणी वाजवली.

तिने मला खाली ठेवलं.

"डॉक्टर गोड बोलतो," ती म्हणाली. "तुम्हीही गोड बोलता. हिला गोड बोलता येत नाही. संपलं."

"आजी, टीव्हीतच काहीतरी असेल गं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

या म्हणीचा मला जन्मात एवढा संताप आला नव्हता. मला तोंड असतं तर ओरडले असते, की बाई, तुझा नेम सुईच्या टोकासारखा होता, मीच आंधळी झालेय! पण मला विचारतो कोण.

नातीने मला उचललं. तिच्याही दहा हुकल्या. "मला येतच नाही, त्यामुळे काही कळत नाहीये."

लेक जरा लाजत म्हणाली, "काचेला टेकवून बघ. मी तेच करायचे."

नातीने नळी टेकवली. बाटलीच्या पोटावर. चाप ओढला. हुकली. पुन्हा. हुकली.

लेक ताडकन उठली. "हे शक्यच नाही! टेकवून माझी एकसुद्धा कधी हुकली नाही!"

दोघी तशाच चपला घालून समोरच्या टीव्हीवाल्याकडे गेल्या. जाताना मला हातात घेऊन गेल्या, म्हणून सगळं ऐकायला मिळालं. म्हातारा टीव्हीवाला हसत सुटला. "अहो, हिला चपट्या टीव्हीवर काय दिसणार? त्याचं चित्र एक क्षणभर उशिरा येतं. तुमच्या-आमच्या डोळ्यांना कळतही नाही. पण ही नेमक्या क्षणी बघते आणि लगेच निकाल देते. तेव्हा पडद्यावर तो चौकोन आलेलाच नसतो. हिला डबा टीव्हीच लागतो. हा घेऊन जा, मी यावर चहाचे कप ठेवतो."

अंगण खरंच वाकडं होतं!

डबा टीव्ही म्हणजे वजनाला म्हैस. तिघांनी मिळून रस्ता ओलांडला, पण जिना चढवायची कुणाची टाप नव्हती. म्हणून तो खाली गाळ्यातच मांडला. गेमचा डबा आणून जोडला आणि रफूवालीला उठवून खाली आणलं.

"आता कशाला माझी सालं काढताय?" ती कुरकुरली.

"एकदाच," लेक म्हणाली. "तुझं नाही, बंदुकीचं बघायचंय."

तिने चाप ओढला. आणि मला दिसला! शुभ्र, चौकोनी, जागच्या जागी. लागली! मी दुसरीकडे बघेपर्यंत दुसरी लागली. तिसरी, चौथी. पाचवी हुकली, ती तिची चूक, माझी नव्हे. मग दोन लागल्या, एक हुकली, एक लागली, शेवटची हुकली. सात.

नात टाळ्या पिटत होती. "आजी, परत मार! हात बसला की दहा येतील."

"पहिल्या दहाच खऱ्या. परत परत विचारलं की साक्षीदार फितूर होतो." तिने पदराने डोळे पुसले आणि आवाज चढवला, "सात म्हणजे जाड काम. ती शाल उद्या बाईंना परत द्या, दुसऱ्या रफूवाल्याचा पत्ता लिहून देते. आणि ते आतलं ब्लँकेट काढा."

सोमवारी मोबाइलवाला आला. "काकू, किल्ली न्यायला आलोय."

"किल्ली कमरेला आहे आणि कंबर अजून माझी आहे," ती ब्लँकेटवरून मान न उचलता म्हणाली. "तुझ्या बाहीला भोक आहे. शर्ट काढ आणि जा."

तो दारातच घुटमळला. किल्लीचं दुःख होतंच चेहऱ्यावर, पण नजर माझ्याकडे. "काकू, एक डाव?"

दहापैकी चार. त्यातही दोन त्याने वाकून वाकून जवळून मारल्या.

"चार!" रफूवाली म्हणाली. "आणि लोक तुझ्याकडे मोबाइल देतात?"

हल्ली मी गाळ्यात खिळ्याला टांगलेली असते. संध्याकाळी नातीची मित्रमंडळी येतात, रांग लावतात, भांडतात. सकाळच्या दहा मात्र तिच्या. आठ लागल्या तर सुई हलकी चालते. काल सहा लागल्या. निमूटपणे शटर ओढून ती वर गेली आणि दुपारभर झोपली. एक दिवस सहाच्या पुढे जाणारच नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही. तेव्हा किल्ली ती स्वतः देईल. पण ते मी सांगेन तेव्हा, आणि मला धड बघू दिलंत तर.

आज सात लागल्या. आत्ता तिच्या मांडीवर कुणाचा तरी जुना कोट आहे, कोपराला रुपयाएवढं भोक. या कधीही, माझ्यावर हात आजमावून बघा. फक्त दारात उजेड अडवून उभे राहू नका.