पडद्यावरची नाडी

मिचियोनं टीव्हीच्या बटणाकडे हात नेला, तसे बाबा इस्पितळाच्या खाटेवरून म्हणाले,

"राहू दे. आजचे आकडे यायचेत."

पडद्याच्या तळाशी देशाच्या आजारी सम्राटांच्या तब्येतीचे आकडे सरकू लागले. नाडी, ताप, रक्तदाब, किती रक्त गेलं, किती चढवलं. सप्टेंबरपासून रोज हेच. गावची शरदातली जत्रा रद्द झाली, जाहिरातींतली हसणारी माणसंसुद्धा गायब झाली. मरणाऱ्या म्हाताऱ्याचं रक्त मोजून घरोघर दाखवायचं, ही कसली भक्ती? मिचियोच्या अंगाचा तिळपापड होत होता.

खाटेच्या पायथ्याशी तिचे होणारे सासरे, हिराबायाशी, गुडघे जुळवून बसले होते. नगरपालिकेतले मोठे अधिकारी. येताना फळांची करंडी आणली होती आणि एक निर्णय.

"अशा वेळी शुभकार्याचा लाल भात शिजवून मेजवानी करणं बरं दिसत नाही. लोक नावं ठेवतात. नोव्हेंबरचं लग्न वसंतात करू या. चार-पाच महिन्यांचा तर प्रश्न."

चार-पाच महिने! डॉक्टरांनी मिचियोला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाबा फार तर नव्या वर्षापर्यंत. पेशंटला मात्र अल्सर म्हणून सांगायचं, हीच रीत. म्हणून तर तिनं लग्नाची घाई केली होती. आता खरं कारण ओठांवर आलं होतं आणि बाबा हातभर अंतरावर होते.

"वसंतात नाही," ती म्हणाली. "नोव्हेंबरातच."

"मिचियोसान, हट्ट बरा नव्हे. सगळा देश संयम पाळतोय."

"देशाचं काय जातंय संयम पाळायला!" तिचा आवाज चढला. पिशवीचे बंद तिनं इतके आवळले की बोटं पांढरी पडली. "इथे आमच्या घरात..." पुढचं तिनं गिळलं.

हिराबायाशी बाबांकडे वळले. "तुम्हीच समजवा पोरीला. वसंतापर्यंत तुम्हीही ठणठणीत व्हाल."

बाबा कोपरावर जोर देऊन जरा उठून बसले.

"हिराबायाशीसान, चाळीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवलं मी. माणसाच्या कातडीचा रंग मला कळतो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "त्यांना कावीळ, मला कावीळ. त्यांना रक्ताची उलटी, मलाही. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर उशाशी असून त्यांचे आकडे सुधरत नाहीत. मग माझी काय कथा? वसंत आम्हां दोघांनाही दिसायचा नाही."

निवेदकाचा आदबशीर आवाज तेवढा चालू राहिला. हिराबायाशी उठले, कमरेत खोल वाकले आणि नोव्हेंबरसाठी हॉलवाल्याशी आजच बोलतो असं पुटपुटत निघून गेले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मिचियोचा संताप आता बाबांवर उलटला. "आणि मी दोन महिने तुमच्यासमोर मूर्खासारखं नाटक करत होते!"

"चांगलं करत होतीस."

तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. बाहेर आईच्या सपातांचा आवाज आला. बाबांनी घाईनं तिचा हात धरला.

"आईला कळू देऊ नकोस. मला काहीच ठाऊक नाही, या भरवशावर ती कशीबशी उभी आहे."

आई चहाचा थर्मास घेऊन आत आली.

"काय गं," बाबा मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर भेटले का? कधी सोडतायत घरी?"

"लवकरच," आई म्हणाली आणि चहा ओतू लागली.