शेवटच्या थांब्यावरची भेंडी

मालवण डेपो

“डेपोक पाणी झाला. आता कुणकेश्वर,” म्हणत सत्यवानाने कळशी उचलली.

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाने परसातल्या वाफ्यांना थांब्यांची नावं दिली, तर त्यात नवल नाही. विहिरीला लागून लाल माठ, तो मालवण डेपो. वाली आणि मुळे म्हणजे कुणकेश्वर. दोडक्यांचा मांडव मसुरे. पार टोकाला, कुंपणाच्या चढावर, फोंडाघाट. मे महिन्यात अख्खी वाडी पिवळी पडायची, पण ह्या मार्गावरचे सगळे थांबे हिरवेगार.

“तुमच्या गाडीक ब्रेक आसा काय?” यशोदा पडवीतून ओरडली. “लग्नाक जावचा आसा. मुहूर्त काय तुमच्यासाठी थांबतलो?”

“वेळेचा माका सांगू नको गो. एकतीस वर्सा गाडी वेळार सोडलंय.”

फोंडाघाट

इथे भेंडीचं एकच झाड. वीतभर लांब, पांढरट, सात शिरांची भेंडी. सत्यवानाच्या आईने माहेराहून आणलेलं बी. यंदा त्याने होतं नव्हतं ते सगळं पेरलं आणि वांदरांनी एका दुपारी अकरा झाडं उपटली. बारावं वाचलं. त्यावर लागलेल्या सहाही भेंड्या बियाला राखायच्या म्हणून त्याने परवाच देठांना लाल दोरा बांधला होता. त्या झाडावरच वाळून तडकल्या की पुढच्या वर्षीची सोय. नाहीतर आईची भेंडी संपली.

यशोदेला हे ठाऊक होतं. मुलाची, अजयची, बायको दिव्या कालच मुंबईहून आली होती. तिला सांगायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

विनंती थांबा, स्वयंपाकघर

लग्न आटोपून दोघं परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दिव्याने पानं मांडून ठेवली होती. भात, सोलकढी आणि ओलं खोबरं घातलेली भेंडी.

“दोरा बांधलेल्याच काढल्या हो मी,” ती म्हणाली. “आई आमच्यासाठी फणसाला चिंधी बांधून ठेवतात ना, तसंच असणार म्हटलं. पण आम्हीच कशाला, सगळ्यांनी मिळून खाऊ.”

यशोदेच्या हातातला तांब्या तिथल्या तिथे राहिला. मुंबईकरांचा फणस दुसऱ्या कोणी उतरवू नये म्हणून दरवर्षी देठाला चिंधी बांधणारी तीच.

सत्यवान पाटावर बसला. पहिला घास घेतला. बी अजून कोवळं, दुधात होतं, दाताखाली बारीक फुटत होतं.

“बरी झाली,” तो म्हणाला. “आणखी वाढ.”

दिव्या ताक आणायला आत गेली तशी यशोदा त्याच्याकडे वाकली. “सांगूचा नाय तिका?”

“तिकीट एकदा फाडला काय फाडला. तू जेव. आवशीची भेंडी ती, पानात टाकू नको.”

पुढे रस्ता नाही

सकाळी दिव्या त्याच्यामागून परसात आली.

“बाबा, त्या भेंडीचं बी द्याल? गॅलरीत कुंडीत लावून बघते.”

“पयला बी कसा धरतत ता बघ.” त्याने तिला मांडवाखाली नेलं. एक दोडका कोवळा, हिरवागार, तसाच सोडलेला. “ह्यो बियाचो. खावशी वाटलो तरी हात लावचो नाय.”

तिने दोडक्याकडे पाहिलं, मग त्याच्या देठाकडे. तिथे लाल दोरा होता.

तिने वळून फोंडाघाटाच्या चढाकडे पाहिलं.

“घरात आणखी आहे ना भेंडीचं बी?”

“नाय.”

“मग काल का नाही बोललात?”

“भूक लागलेली माका.”

ती हसली नाही. चढ चढून झाडापाशी गेली, एकेक फांदी वाकवून, पानं उलटून पाहत राहिली. शेंड्याला एकही कळी नव्हती. मग ती खाली आली, त्याच्या हातातली कळशी घेतली आणि पुन्हा वर जाऊन सगळीच्या सगळी त्या झाडाच्या बुडाशी ओतली. आळं भरलं, पाणी काठावरून उतारावर ओघळायला लागलं.

असं पाणी सांडणाऱ्याला सत्यवानाने आजवर बोलल्याशिवाय सोडलं नव्हतं. तो पुढे झाला, रिकामी कळशी उचलली आणि भरून आणायला विहिरीकडे वळला.