सोजराबाईचं लुगडं

"त्या पोरीचा वारा चिंतूला लागू देऊ नकोस," असं शेजारच्या माईंनी मला इथे राहायला आल्या आल्या बजावलं होतं. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली. वेड म्हणजे काही गोवर नव्हे, म्हणून हसून सोडून दिलं. तरी माझ्या लेकाची, चिंतूची, बोटं मात्र रोज निरखायचे.

ती पोर, शालू, आमच्या भिंतीपलीकडे राहायची. सात वर्षांची. वडील नागोराव तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर. आई होती तेव्हापासून पोर कातडी सोलेपर्यंत हात धुवायची. ती आई, सोजराबाई, बाळंतपणात गेली, तेव्हा शालूला मासवणला ओळखीच्यांकडे धाडलेलं. परतली तर घरात राहीबाई आत्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "आई दवाखान्यात हाय."

पोरीने जेवण सोडलं. त्यावर आत्याने इलाज काढला.

मी विरजण मागायला गेले तेव्हा पाहिलं. राहीबाई मेलेल्या भावजयीचं लुगडं नेसून भिंतीकडे तोंड करून बसलेली. शालूच्या हातांना चिंध्या बांधलेल्या, धुऊ नयेत म्हणून. त्यांना आंबलेल्या वरणाचा वास. नागोराव घास कोंबत होते, "बघ, आई आली. जेव." दारातल्या बायका शेंगा खात बघत होत्या.

"हुबेहूब गं राहीबाई, पदर तेवढा वर घे."

पोर न चावता गिळत होती. मी विरजण न घेताच परतले.

दुसऱ्या दुपारी शालू आमच्या ओट्यावर आली. मी चिंध्या सोडल्या. आत हात पांढरे, चिघळलेले.

"काकू, आत्या आईचं लुगडं का नेसती?"

"तुला कळलं होतं?"

"आईच्या मानेवर तीळ हाय." मग हळूच, "मी हात नीट धुतले न्हाईत म्हणून आई येत न्हाई ना?"

"आई वारली, शालू. बाळंतपणात. तुझ्या हातांमुळे नाही."

तिने तेच पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं. मग ती रडली, माझ्या मांडीत तोंड खुपसून.

राहीबाई धावत आली. "खात तरी हुती की! शिकलेल्या बाईनं रडाया लावली."

"वहिनी," तिच्यामागून आलेले नागोराव खाली बघत म्हणाले, "आमच्या घरचं आमी बघू."

सकाळी आत्या शालूला मनोरला आपल्या सासरी घेऊन गेली. लुगडंही गाठोड्यात बांधताना मी पाहिलं.

मनोरच्या बाजारामागे राहीबाईचं घर विचारलं तर कुणीही दाखवेल. तिकडे जाणार असाल तर जरा वाकडी वाट करा. शालू आईबद्दल विचारते का, आणि तिला कोण काय सांगतं, तेवढं बघून या.