दोन स्टुलं

“ऊठ गं, गिऱ्हाईक आलंय!” मोठ्या ताईंनी आवाज टाकला.

नवी पोरगी स्टुलावरून उठली आणि दाराकडे बघू लागली. “कुठंय? तो तर काचेतून नुसता बघतोय.”

“बघणाराच आत येतो. आपण बसलेल्या दिसलो की जातो पुढच्या दुकानात.”

माणूस खरंच पुढे गेला. नवी हसली, “गेला बघा,” म्हणाली आणि पुन्हा बसली. मोठ्या ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

बुटांचं दुकान ते. आत येणारा प्रत्येक जण गादीच्या खुर्चीत बसायचा आणि पाय पुढे करायचा. उभ्या फक्त ताई. लग्नाआधी त्या इथे लागल्या, मुलगी पोटात असताना उभ्या राहिल्या, आता मुलीला मुलं झाली तरी उभ्याच. पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून त्यांचा गुंता झाला होता. मालक ओळखीच्यांना अभिमानाने सांगायचे, “आमच्या ताई कधी टेकायच्या नाहीत.” पगार वाढवताना हात आखडायचा, पण कौतुक मात्र सढळ. आणि ताई त्या कौतुकावर खूश.

मग तो नवा कायदा आला. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायला जागा द्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसू द्या. मालकांनी कुरकुरत दोन स्टुलं आणली. नवी त्याच आठवड्यात कामाला लागलेली. तिला वाटलं, दुकानात स्टुलं असतातच. ताईंना खुपत होतं ते हेच. एकदा तरी पोरीने म्हणावं, अगंबाई, बसायला मिळतं की! पण छे. माहेरी आल्यासारखी बसायची आणि वर गुणगुणायची. ताईंनी आपल्या स्टुलावर खोकी रचून ठेवली होती.

“तूही बस ना मग,” घरी गरम पाण्याची बादली पुढे सरकवत नवरा म्हणाला.

“आता बसू? पाय धड होते तेव्हा कुठे मेला होता हा कायदा?”

“कायद्यावर रुसून कसं चालेल?”

“कायद्यावर कशाला रुसू? ती कार्टी बसते ना, ते बघवत नाही मला. जळते मी तिच्यावर. झालं समाधान?”

नवऱ्याने पाण्यात मीठ टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मालकांनी ताईंना बाजूला घेतलं. “दुपारी कामगार खात्याच्या बाई तपासणीला येतायत. बसलेल्या बघून गिऱ्हाईक पुढे जातं, म्हणून स्टुलं मी माळ्यावर टाकलीत, कायमची. तुम्ही एवढंच सांगायचं, आम्हालाच नको होती. तुम्ही जुन्या, तुमचा शब्द चालेल. एकदा तसं लिहून गेल्या की पुन्हा कोण विचारतंय?”

“आणि नवी?”

“ती काय बोलणार? नोकरी नकोय का तिला?”

ताईंना आतून गुदगुल्या झाल्या.

“ताई, माझं स्टूल कुठंय?” नवीने आल्या आल्या विचारलं.

“माळ्यावर. मालकांना नको असतील आता.”

नवीचं तोंड उतरलं. दुपारपर्यंत ती कधी या पायावर, कधी त्या पायावर भार देत राहिली. ताई खोक्यांआडून बघत होत्या. कळू दे जरा, कळू दे.

तपासणीच्या बाई ताईंच्याच वयाच्या निघाल्या. मालक पुढे झाले. “स्टुलं यांनाच नको होती. आमच्या ताईंनाच विचारा ना.”

“बसा आधी,” खुर्चीत टेकत बाईंनी शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

“मी उभीच बरी.”

“मान वर करून लिहिता येत नाही हो मला. बसा.”

त्यांच्यासमोर मालक नको तरी कसं म्हणणार? ताई बसल्या. गादी खाली दबली. दिवसभर आवळलेली मूठ उघडावी तसे पाय सैल झाले, आणि ताईंना एकदम रडूच फुटेलसं वाटलं.

“स्टुलं तुम्हालाच नको होती म्हणे?”

उत्तर तोंडात तयार होतं. समोर नवी उभी होती, चेहरा पडलेला. ताईंना तिची दया वगैरे काही आली नाही. उलट पोटातला सगळा जाळ वर आला.

“हिला पहिल्याच आठवड्यात मिळालं. मला का नाही?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? मी दिवस भरत आले तरी उभी. तापाने फणफणले तरी उभी. एकदा खोक्यावर टेकले, तर यांनी भरल्या दुकानात उठवलं मला. आणि वर सांगत सुटले, ताई टेकत नाहीत! टेकू कोण देत होतं? हिला आयतं मिळालं. मला का नाही मिळालं, ते लिहा!”

“अहो ताई...” मालकांचा चेहरा पांढरा पडला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मागचं नाही मला देता येणार,” त्या हळूच म्हणाल्या. “पण स्टुलं कुठे आहेत, तेवढं सांगा.”

“माळ्यावर. दोन्ही.”

नवी जवळ आली. तिने ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. “ताई, माझ्यासाठी तुम्ही...”

“हात काढ. तुझ्यासाठी नाही बोलले मी.”

नवीने हात काढला.

तेवढ्यात दार ढकलून एक बाई मुलीला घेऊन आत आली. मालकांनी सवयीने ताईंना मानेनेच उठायची खूण केली. ताईंचे पाय उठायला निघालेच होते. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

“नवी बघेल,” त्या म्हणाल्या.

नवी पुढे गेली. ताई तशाच बसून राहिल्या. खोक्यांच्या रांगा पार छताला टेकल्या होत्या. बसलेल्या माणसाला हे दुकान केवढं मोठं दिसतं, ते त्यांना आज कळत होतं.