पिंपातली पोकळी

या अमेदेओला खोटं बोलताना लाज कशी वाटत नाही, मित्रांनो! वरून आई रोज विचारते, "पिंप भरलेलं आहे ना रे?" आणि हा अर्ध्या जिन्यातूनच ओरडतो, "काठोकाठ आहे, आई!" खाली उतरून बघत नाही मेला.

मी एक जुनी लाल वाइन आहे. पाच हिवाळे मी या ओकच्या पिंपात काढले. शाळा मी पाहिली नाही. पिंपावर खडूने माझं साल लिहिलंय म्हणतात, तेही मला वाचता येत नाही. पण माझं कूळ मला पाठ आहे. इटलीतल्या लांगेच्या टेकडीवरचा झेलिंडाबाईंचा द्राक्षमळा. ऑक्टोबरच्या धुक्यात त्यांनी स्वतः कात्रीने घड तोडले, आणि एक मणी किडका दिसला तर अख्खा घड फेकून दिला. त्यांचे यजमान गास्पारे यांनी माझी पहिली चव घेतली, पेला दिव्यासमोर धरला, मग म्हणाले, "ही मोठ्या घरची पोर आहे." एवढीच स्तुती. मला जन्मभर पुरली.

मग गास्पारे गेले आणि तळघर त्यांच्या या मुलाच्या, अमेदेओच्या, हाती आलं.

लाकूड श्वास घेतं, मित्रांनो, आणि मी थोडी थोडी आटते. दर आठवड्याला आमच्याच मळ्याची वाइन ओतून ती जागा भरावी लागते. नाहीतर तिथे हवा येऊन बसते, आणि हवा लागली की वाइन आंबते. त्यासाठी गास्पारेंनी एक मोठी बरणी भरून ठेवली होती. अमेदेओने ती अळंब्यांच्या जत्रेत मित्रांना पाजून संपवली. वर पाहुणा आला की काचेची नळी घालून माझ्यातूनच पेला भरतो. "घ्या, घ्या, आमच्याकडे काय कमी आहे?" अरे, कमी मी होतेय!

जिन्याखाली एक लहान पिंप आहे. त्यात माझी थोरली बहीण आहे, याच वेलींची. एका उन्हाळ्यात तिच्याकडे कोणी पाहिलं नाही आणि तिचं व्हिनेगर झालं. आता तिच्यात कांदे मुरवतात. मी हाका मारते, ती ओ देत नाही. मागच्या महिन्यात माझ्याही अंगावर पातळ पांढरी साय धरू लागली. तेव्हापासून डोळा मिटायची भीती वाटते. मिटला तर उघडेन ती आंबट होऊनच.

परवा अमेदेओचं "काठोकाठ" प्रश्न संपायच्या आधीच आलं. झेलिंडाबाई दुखरे गुडघे धरत जिना उतरल्या.

"अगं आई, पडशील!"

"पडले तर उचल. हो बाजूला."

त्यांनी बोटाच्या पेराने पिंप वाजवलं. खाली भरीव आवाज. वर आला ढण्ण.

"हे काठोकाठ?"

"थोडी आटली असेल, उन्हानं."

"तळघरात? सूर्य काय जिना उतरून आला होता?"

बूच निघालं. त्यांनी नाक खाली आणलं आणि हुंगत राहिल्या, हुंगत राहिल्या. मला समोर ते कांदेच दिसत होते.

"वाचलीये अजून," त्या पुटपुटल्या. "पण आठवडाभर गेला तर नाही वाचायची. बरणी आण."

"बरणी... रिकामी आहे. शेजाऱ्याकडून आणतो ना थोडी, कोणाला कळणार?"

"हिला कळेल."

त्या मागच्या भिंतीकडे गेल्या. आमच्याकडे मूल जन्मलं की त्या सालच्या, आमच्याच मळ्याच्या वाइनच्या बाटल्या त्याच्या लग्नासाठी जपून ठेवतात. अमेदेओच्या छत्तीस होत्या, अठ्ठावीस वर्षांच्या. लग्न येत्या मे महिन्यात. बाईंनी माझ्यावरची साय फडक्याने टिपून घेतली आणि पहिली बाटली ओतली.

"आई, त्या नको! पाया पडतो!"

दुसरी. तिसरी. माझी आजीच माझ्यात उतरत होती, आणि हवा मुकाट्याने बाहेर निघत होती.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी गुपचूप कमी होत असेल. जिन्यातून हाक मारून त्याची चौकशी करू नका. खाली उतरा आणि हात लावून बघा.

छत्तिसावी बाटली उपडी झाली. झेलिंडाबाईंनी बूच ठोकलं, फडक्याला हात पुसले आणि मुलाकडे वळल्या.

"तुझ्या लग्नात मी विहिरीचं पाणी वाढणार आहे. आणि का, ते तू उभा राहून एकेका पाहुण्याला सांगायचंस."