स्टुलावरचा पाय

धाकटीच्या डाव्या मांडीतल्या स्नायूचा नमुना फिका निघाला, तेव्हा थोरलीने आधी स्वतःलाच दोष दिला. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. तिने दोन्ही नमुने पुन्हा रंगवले; स्नायूत साखर जितकी जास्त, तितका रंग गडद. उजवा गडद गुलाबी. डावा पुन्हा फिका, धुवून धुवून विटलेल्या कापडासारखा.

प्रयोग साधा होता. धाकटी लांब पल्ल्याची धावपटू, रविवारी तिची निवड शर्यत. थोरलीने तिला प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवून फक्त उजव्या पायाने, दमेपर्यंत पेडल मारायला लावलं होतं. डावा पाय शेजारच्या स्टुलाला पट्ट्याने बांधला होता. राबलेल्या स्नायूतली साखर संपते आणि मग पोटभर खाल्लं की तो हावरटासारखी आधीपेक्षा जास्त साठवतो. उजव्याने तेच केलं होतं. पण नुसत्या बसून राहिलेल्या डाव्याची साखर गेली कुठे?

"चोरून पळतेस का गं?"

"एका पायावर?" धाकटीच्या तोंडात उकडलेला बटाटा होता. "ताई, लंगडी घालून शर्यत जिंकता आली असती तर मी शाळेतच बक्षिसं लुटली असती. आणि पाय तूच बांधलास ना? म्हैस बांधावी तसा!"

संध्याकाळी थोरली बाबांचे पाय चोळायला बसली. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा डावा पाय लुळा पडला होता, पोटरी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची. हृदयही अधू. डॉक्टरांनी त्यांना खळखळून हसायलासुद्धा बंदी केली होती.

आज पोटरी हाताला टणक लागली. गरम, घामेजलेली. पाऊल खाली जात होतं, वर येत होतं. पेडलच्या लयीत.

"बाबा, पाय तुम्ही हलवताय?"

"मी कशाला? त्याचा तोच चाललाय," बाबा धापा टाकत म्हणाले. "तू धाकटीला सायकलवर बसवलंस ना, त्या दिवसापासून. ती पळायला लागली की जास्तच. जेवणसुद्धा नको वाटतं गं. कुणीतरी आतून भरवल्यासारखं होतं."

थोरलीला तो फिका नमुना आठवला; धाकटीच्या डाव्या मांडीतली साखर इथे येत होती. तिने बाबांच्या मनगटावर बोटं ठेवली. ठोके धावत होते, मध्येच अडखळत होते. पाय नवा झाला होता, काळीज तेच जुनं.

बाहेर धाकटी बुटांची लेस बांधत होती.

"आज पळू नकोस. रविवारीही नको."

"डोकं फिरलंय का तुझं? वर्षभर घाम गाळलाय मी!"

थोरलीने तिला आत नेलं आणि तिचा हात बाबांच्या पोटरीवर ठेवला. धाकटीच्या चेहऱ्यावरचा राग विरला.

"म्हणजे मी पळाले तर हेही पळणार?"

"पाय पळेल. छाती पुरायची नाही."

"पळ गं," बाबा म्हणाले. "माझ्यापायी थांबू नकोस."

 धाकटीने बूट काढले, पलंगाखाली सारले आणि भिंतीला टेकून, पाय पसरून बसली.

बाबांचं चादरीखालचं पाऊल थबकलं. थोरलीने सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात ते पुन्हा सुरू झालं. आता अधिक जोरात.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली. डावी मांडी तिने दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली होती. "मी हलत नाहीये गं. तरी हा पाय दमतोय."