मागे काहीच नसलेला दरवाजा

“दार हाय, तर आत जायचं कुठनं?”

याकोबच्या या प्रश्नावर फोटोग्राफर हसला, मालक हसला. मला सगळं ठाऊक होतं, पण मला कोण विचारतंय? आता मात्र बोलतो. अर्धा जळून झालोय, म्हणून भरभर सांगतो.

मी दरवाजा बोलतोय. जुन्या सागाचा, पितळी कडीचा. आधी मी किकवीकडच्या एका शाळेला होतो. पोरं मला लाथ मारून उघडायची आणि आत पळायची. त्या लाथांचा मला कधी राग आला नाही. माझ्यामागे खोली होती, खोलीत पोरं होती, दरवाज्याला आणखी काय लागतं?

शाळा नवी झाली आणि मी भंगारात गेलो. तिथून इंद्रजितशेठने मला पानशेतच्या रस्त्याला आणलं. लग्नाआधीचे फोटो काढायला त्याने तिथे एक जागा उभी केली आहे. एक विमानाचं शेपूट, एक लाल टेलिफोनची पेटी, आणि एक चर्च. चर्च म्हणजे नुसती पुढची भिंत. प्लायवूडची, वर थर्माकोलचा मनोरा आणि क्रूस. मध्ये मी. माझ्यामागे बांबूचे टेकू आणि रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. मला उघडायची सक्त मनाई होती. दरवाज्याला असं जगायला लावणाऱ्या माणसाला मी तेव्हापासून माफ केलेलं नाही.

एका रविवारी टेम्पोतून याकोब आणि त्याची थोरली बहीण मार्था उतरली. राहुरीकडची कॅथलिक माणसं. याकोब वेल्ह्यात कोंबडीखाद्याचा टेम्पो चालवायला आलेला, सोबत आई आणि ही बहीण. गावाकडे चर्च घराशेजारी होतं. इथे मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती रविवारची प्रार्थना, कुठे होते ते कुणालाच सांगता येईना. मोबाईलच्या नकाशात मात्र आमच्या जागेवर चर्चची खूण होती, आणि रस्त्यातले लोकही बोट दाखवत होते, “चर्च व्हय? त्ये काय, धरणाच्या अंगाला.”

मार्थाच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन बुधवारी. त्याआधी तिला पापांची कबुली द्यायची होती आणि मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायचा होता. बाकी काही मागणं नव्हतं तिचं. ती धापा टाकत आली, चपला काढल्या, डोक्यावर ओढणी घेतली आणि माझ्यासमोर गुडघे टेकले.

“ओ ताई, फ्रेममधनं बाजूला व्हा!” फोटोग्राफर ओरडला.

“मिस्सा किती वाजता हो?” याकोबने विचारलं.

इंद्रजितशेठने खरं सांगायला हवं होतं. त्याने डोळा मारला. “फादर येतील अकराला. बसा की.”

दोघं उन्हात बसली. अकरा वाजून गेले, मग शेठने ज्ञानू वेटरला पांढरा झगा चढवला. फोटोंसाठी ठेवलेला असतो तो. ज्ञानू नको नको म्हणत होता, पण शेठने त्याला ढकलला. मार्था त्याचा हात धरून हळू आवाजात बोलू लागली. ऑपरेशनचं सांगितलं, भीतीचं सांगितलं, आईशी कधीतरी खोटं बोलली होती ते सांगितलं. मागे सगळे तोंडावर हात ठेवून हसत होते. ज्ञानूने हात सोडवून घेतला. “ताई, म्या... म्या हितं चहा देतो,” असं म्हणून त्याने झगा काढला आणि पळाला.

याकोबने येऊन मला धाडकन उघडलं. समोर क्रेट आणि त्यावर झोपलेलं कुत्रं. तेव्हाच त्याने तो प्रश्न विचारला. मूठ वळली होती त्याची, पण बहिणीने दंड धरला. “चल याक्या. मला दम लागतोय.”

बुधवारी मार्था ऑपरेशनच्या टेबलावरून उठलीच नाही.

पुढचं मला नंतर याकोबच्या टेम्पोत कळलं. मला दोरीने आवळताना तो रडत आणि शिव्या देत सगळं बोलत होता. दवाखान्यातली केरळची नर्स त्याला म्हणाली होती, “अरे, भोरला आमच्याच घरी मिस्सेला फादर येतात. त्या रविवारीसुद्धा आले होते.” भोरला! रोज टेम्पो जायचा त्याचा तिथून.

तो परत आला तोही रविवारीच. नवरा-नवरी माझ्यासमोर पोझ देऊन उभे. “व्हा बाजूला,” एवढंच म्हणाला. मनोऱ्याला दोर टाकला, दुसरं टोक टेम्पोला बांधलं आणि गिअर टाकला. सगळी भिंत तोंडावर आपटली.

“अरे नालायका, माझं चर्च!” इंद्रजितशेठ धोतर... नव्हे, अर्धी चड्डी सावरत धावला.

“बसा की शेठ. फादर येतील अकराला.”

शेठचं तोंड पाहून मला गुदगुल्या झाल्या. मी सज्जन दरवाजा नाही. मग याकोबने मला मोडक्या भिंतीतून उचकटून टेम्पोत घातलं.

आज वेल्ह्यात त्यांच्या भाड्याच्या खोलीत मार्थासाठी मिस्सा आहे. नर्सबाईंनी भोरहून फादरना आणलं, चार घरची माणसं आणली. बाहेर तीन दगडांच्या चुलीवर भात शिजतोय, आणि याकोब कुऱ्हाडीने माझ्या ढलप्या काढून चुलीत घालतोय.

“याकोबा, ये की आत. सुरू झाली,” आईने हाक मारली.

“तुमी ऐका, आये. ताईला मिळाली न्हाई, मला नको.”

आतून प्रार्थना ऐकू येते. इतके दिवस ज्याचं सोंग घेऊन उभा होतो, ते मी पहिल्यांदा ऐकतोय, तेही चुलीतून. लोकहो, एवढंच मागतो: आम्हाला कुठेही लावा, पण मागे खोली ठेवा.

हवालदार आलाय. शेठने तक्रार दिली आहे. हवालदार टेम्पोला टेकून, आवाज दाबून याकोबला म्हणतो, “चल बाबा.”

“भात उतरू द्या. आन् शेठला सांगा, अजून त्ये इमानाचं शेपूट पाडायचं ऱ्हायलंय.”

हवालदार हसला नाही, पण थांबला.

माझी शेवटची फळी आत सरकवून याकोबने भात शिजू दिला. पातेलं उतरवलं, परातीने झाकलं, उंबऱ्याच्या आत ठेवलं. आई डोळे मिटून बसली होती. तिला खाकी कपडे दिसू नयेत म्हणून त्याने खोलीचं दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.